रीळ चौथं, तळघर

पडद्यावर मुलगी जिना उतरते आहे.
तिच्या पायांना अजून आवाज नाही.
तो माझ्यापाशी आहे,
छत्तीस नंबरच्या बुटांत,
जे मला चावतात.

वूच शहरातला हा स्टुडिओ
पूर्वी सूतगिरणीचं गोदाम होता.
भिंतींना गाद्या ठोकल्यात, खिडक्या विटांनी बुजवल्यात,
तरी कोपऱ्यावर ट्राम वळली की काटा थरथरतो.
अकरा नंबर गेली की आमचं काम सुरू,
बारा नंबर येईपर्यंत.

तळघरात जे काही दबा धरून बसलंय
ते म्हणजे माझ्या हातातला ओला कोबी.
लुडोमिर त्यावर चेलो चढवतो,
एक सूर, इतका खालचा
की तो कानाआधी पोटाला कळतो.

द्रोझ्दोव्स्का बाई डोळे मिटून ऐकतात.
"घाबरवताय," म्हणतात, "पण भीती वाटत नाहीये.
काढा ते चेलो."
लुडोमिर गज सैल करत बसतो,
बराच वेळ, गरजेपेक्षा जास्त.

मग मी फ्रीज बंद करते.
तळघरातल्या जुन्या फ्रीजची घरघर
आम्ही पहिल्या पायरीपासून ठेवली होती,
कुणाच्या लक्षातही येऊ नये एवढीच.
सातव्या पायरीवर ती तोडली.
बस्स, एवढंच.
बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आता दार. किल्ली फिरते, आणि मग
किती थांबायचं?"
"अकरा," मी म्हटलं.
"अकरा काय?"
"अकरा आकडे. मनातल्या मनात."
त्यांनी विचारलं नाही, हे मला कसं ठाऊक.

बाबा रात्रपाळीहून यायचा.
मागांनी त्याचे कान केव्हाच खाल्ले होते.
किल्ली भोक शोधायची, खरवडायची,
तीन मजले जागे होतील अशी.
मग कुलूप खटकन.
आणि मग काही नाही.
दार उघडायचंच नाही.
पांघरुणाखाली मी मोजायची, एक, दोन,
मोजताना श्वास घ्यायचा नाही असा माझाच नियम,
आणि अकराला बिजागरी कुरकुरायची.
तो कधी ओरडला नाही, कधी हात उगारला नाही.
तरी पाचावर धारण बसायची माझी.
दारापलीकडे उभा राहून
काय ठरवत असेल हा माणूस?

त्याला पुरून आलो त्या दिवशी
समोरच्या गेर्ट्रुडा मावशी जिन्यात भेटल्या.
म्हणाल्या, पायरीवर बसायचा बिचारा,
बुटांच्या नाड्या सोडायचा,
बूट काखेत मारून उभा राहायचा,
आणि मी दार किलकिलं केलं की
ओठांवर बोट ठेवायचा.
पोर झोपलीय म्हणून.

त्याला वाटायचं, आपण चोरपावलांनी येतोय.
किल्लीचा तो खणखणाट
त्याच्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

बारा नंबर गेली.
लाल दिवा लागला.
पडद्यावर मुलगी दाराकडे पाहते आहे,
तिचा श्वासही माझाच, तो मी रोखून धरलाय.
किल्ली.
कुलूप.
मी खाली बसते.
छत्तीस नंबरच्या बुटांची नाडी सोडते,
एक ओढ, मग दुसरी,
नाडी भोकातून सरकते त्याची सरसर,
मायक्रोफोनपासून पार दूर, भिंतीला तोंड करून.

मिश्रण करताना येर्झी ती पट्टी दाखवून विचारतो,
"हे काय आहे? ऐकूच येत नाही. पुसू?"
"राहू दे."
"चूक वाटेल कुणाला."
"राहू दे, येर्झी."

तो रीळ पुन्हा लावतो.
चहाचा कप त्याच्या ओठांशी थांबतो,
सहा, सात,
लुडोमिर नकळत पाय खुर्चीवर घेतो.
नऊ.
दाराआड कुणीतरी आहे, हे सगळ्यांना कळलंय.
मी बूट काखेत धरून उभी आहे,
थंड फरशीवर,
नुसत्या मोज्यांवर.