यमाजीचं खातं

मत्र्याच्या बाजारात, लोबान विकणाऱ्याच्या मागच्या गल्लीत,
देवकरण आशर लाल वही उघडतो.
धूळ फुंकत नाही, फडक्यानं टिपतो,
ओळीखाली बोट ठेवतो:
संवत एकोणीसशे एकोणपन्नास.
सर्कसवाळा जमाजी, मुलूख सांगली.

य चा ज झालाय. कच्छी कान, चालायचंच.

मी नांद्र्याचा. यमाजी साळोखे माझ्या पणजोबाचा बाप.
घरात त्याच्या चाबकाची मूठ आहे,
देव्हाऱ्यात नव्हे, मागच्या दाराला अडणी म्हणून.
गावाला त्याचं सगळं पाठ:
सरकारी पागेत मोतद्दार होता,
घोड्याच्या कानात बोलायचा, बायकोशी नाही,
कृष्णाकाठी पहिला तंबू मारला तो गोणपाटाचा,
तिकिटाला मूठभर जोंधळा.
पुढं विचारलं की म्हातारी माणसं हात झटकायची:
आखातात गेला, बुडाला.
आमच्या घरात हरवलेल्या अडकित्त्यालाही
हेच म्हणतात.

पण इथं तो बुडालेला नाही. इथं तो देणेकरी आहे.

खजूर, चार गोण्या, घोड्यांसाठी.
दोरखंड, काथ्याचा.
बकरा, एक, सिंहिणीसाठी. (खाल्ला नाही. पैसे लावले.)
कोरं कापड, सहा वार, पांढरं.
कशाला, ते लिहिलेलं नाही.
बाकी अकरा रियाल.

"तीन रात्री खेळ झाला," आशर सांगतो, "किल्ल्याखाली, वाळूत.
बायका गच्चीवरून बघायच्या.
चौथ्या दिवशी खजूर संपला,
आणि घोडे सुकी मासळी खायला लागले, इथल्या गाईंसारखे.
तुमचा माणूस खूप हसला म्हणे.
मग कोपऱ्यात जाऊन बसला."

मी रुवीत परांच्या बांधतो.
अकरावा मजला, पट्ट्याला दोन हुक,
खालून सुपरवायझर ओरडतो ते ऐकू येत नाही, फक्त हात दिसतात.
यमाजीच्या झोक्याखाली जाळी होती का?
मी पुन्हा वही बघतो. दोरखंड आहे. जाळी नाही.
सहा वार कापड आहे.

खिशातून नोटा काढतो. अकरा रियाल,
आजच्या हिशेबानं काय होईल ते होईल.
आशर वही ओढून घेतो, जवळजवळ रागानं:
"खातं मिटवलं की पान फाडायचं,
ही आमची पद्धत. पान फाडू?"

बाहेर अजान सुरू होते. तो थांबतो, मीही.
पंख्याच्या वाऱ्यानं पान उचकतं, तो तळव्यानं दाबून धरतो.

मग मी म्हणतो, किलोभर खजूर द्या.
उधार.
त्याच पानावर लिहा.
आणि या खेपेला य नीट काढा.