विसाला बावीस

तहसीन डॉक्टरांची गाडी टेम्पोतून उतरली
तेव्हा टाकीवर एक हसरा वाघ होता,
कुठल्याशा बंद पडलेल्या वॉटर पार्कातला,
अर्धा खरवडलेला.
चार चाकं, हँडल, सीट. दार नाही, छप्पर नाही.
अक्कलकोट रोडवरच्या माझ्या शेडपुढं
चहाच्या टपरीवरचं पोरगं म्हणालं,
"ह्याला आरसा कुठंय बे?"

डॉक्टर म्हणाल्या, मंगळवेढ्याची काळी
ह्या बारक्या चाकांच्या खाचा भरून टाकते,
मग चाक फिरतं आणि गाडी जागेवर.
"मागच्या हस्तात म्हैस अडली होती एका वस्तीवर.
दीड किलोमीटर चालले, बॅग डोक्यावर घेऊन.
पोचले तोवर रेडकू गेलेलं."
एवढंच बोलल्या
आणि नव्या टायरांची दोरी स्वतःच सोडायला लागल्या.

पंचविसाच्या जागी सत्तावीस इंची.
खाचेत माझा अंगठा बुडाला, नखासकट.

पहिला टायर मी उलटा चढवला.
बाण मागं बघत होता.
अठरा वर्षं ट्रकांचे टायर काढतोय,
त्यांना पुढं-मागं नसतं,
फक्त ओझं असतं.
परत काढला. पहार, साबणाचं पाणी, शिव्या.
दुसऱ्यांदा कड बसली, टप्प!
टपरीवरचं पोरगं टाळ्या वाजवून पळालं.

"हवा सहाच भरा."
सहा? सहावर सायकलसुद्धा थुंकेल, डॉक्टर.
"टायर पसरला पाहिजे," त्या म्हणाल्या,
"म्हशीचं खूर चिखलात पसरतं ना, तसा."
ह्यावर मी काय बोलणार.

मग हँडल पूर्ण उजवीकडं वळवलं आणि
खर्रर्र.
मोठं चाक मडगार्डला घासत होतं.
पातं तापवून प्लॅस्टिक कापलं,
काळ्या गुंडाळ्या पायाशी पडत गेल्या.
वाघाचं शेपूट त्यात गेलं.
डॉक्टर म्हणाल्या, जाऊ दे.

नायना कोपऱ्यात क्रेटवर बसलेले.
तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर,
एक कान मागांनी खाल्लेला,
म्हणून ते यंत्र तळहातानं ऐकतात.
उठले, चालू इंजिनावर हात ठेवला
आणि मला शाळेतल्यासारखं विचारलं,
"चाक मोठं केलास. धोट्याला सांगितलास का?"

मागात दातांचं एक चाक बदललं
की सगळ्या चादरीची वीण बदलते,
हे मी लहानपणी जेवताना इतक्यांदा ऐकलंय
की भाताला तेलाचा वास यायचा.
तरी विसरलो होतो.
पट्ट्याचं झाकण उघडलं,
क्लचातली वजनं काढून हलकी घातली.
ह्यात दुपार गेली. बिलात ती लावली नाही.

शेडमागं रंगकामाच्या कारखान्याचं पाणी साचतं,
त्या आठवड्यात मरून रंगाच्या टॉवेलांची ऑर्डर होती.
डॉक्टरांनी गाडी सरळ त्यात घातली.
चिखल पत्र्याच्या उंचीला उडाला.
मधोमध चाकं एकदा रुतली,
नायनांनी हवेतच तळहात धरला,
आणि गाडी गुरगुरत चढून बाहेर आली,
वाघ मरून, डॉक्टर गुडघ्यापर्यंत मरून,
चष्म्यावर दोन थेंब.

मीटर आता खोटं बोलणार होता.
चाक मोठं, फेरे कमी:
काटा वीस दाखवणार, जमीन बावीस मोजणार.
मी मार्करनं काचेवर लिहिलं, "विसाला बावीस समजा."
त्यांनी वाचलं, पुसलं नाही.

तीन आठवड्यांनी फोनवर एक फोटो आला.
माणूस नाही, जनावर नाही.
काळीभोर जमीन आणि तिच्यावरून
लांबवर गेलेल्या दोन नक्षीदार पट्ट्या.
खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.
विचारावं का, रेडकाचं?
बोट अक्षरांवर थांबलं.

नायनांनी फोन हातात घेतला,
दोन बोटांनी चिखल मोठा केला,
चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ किनारीपासून किनारीपर्यंत पाहिलं.

"वीण विरळ आहे," म्हणाले.
"पण कुठं तुटली नाही."