सव्वातीन फूट

शेवंतीबाय म्हणाल्या, ही खोलीच तापट,
पश्चिमेची भिंत, त्याला कोण काय करणार.
बाकी तीन खोल्यांत गारवा पोचतो,
इथे जाळीतून नुसता आवाज.
आठ मे महिने त्यांनी विंझण्यावर काढले.

कुडचडे. बाहेर काजूच्या बोंडांचा आंबूस वास.
फॉल्स सीलिंगची एक फळी सरकवून
मी डोकं काळोखात घातलं.
टॉर्चच्या उजेडात डक्ट येतो, येतो,
पत्र्याचा, चौकोनी, अंगाला काचलोकर गुंडाळलेला,
आणि तुळईशी थांबतो.
पलीकडे पुन्हा सुरू होतो,
मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात.
खाली माळ्याच्या लाकडावर
मांजराने केलेला गोल खळगा, केसांसकट.
आठ वर्षं विजेचं बिल
त्या झोपेचं भरलं गेलं.

कितें रे, मेळ्ळें? खालून हाक.

मिळालं होतं.
पत्र्याच्या कडेला पेन्सिलीत ३९, खाली दोन रेघा, एक बाण.
नवाचं शेपूट मी असंच काढतो, लांब.

त्या वर्षी खाणी थांबल्या.
या घराचे सात ट्रक रांगेने उभे, टायरांत गवत.
मालक म्हणाले, पुढच्या आठवड्यात देतो.
फालेरो ठेकेदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात देतो.
मी आणि मिंगेलने दोन आठवडे बघितले,
मग हत्यारं उचलली.
माप घेऊन झालं होतं. पत्रा कापायचा तेवढा राहिला.
बावीस दिवसांची मजुरी अजून येणं आहे.

अंगणात पत्रा पसरला.
कात्री चालते तेव्हा दातांत जाणवते.
लाकडी हातोडीने कड दुमडत नेली,
ऊन पत्र्यावरून थेट डोळ्यांत.
शेवंतीबायनी कोकमाचं सरबत आणून ठेवलं,
म्हणाल्या, ह्यांचे शेवटचे सहा महिने त्याच खोलीत गेले.
सारखे म्हणायचे, वारं कुठेतरी अडलंय.
आम्हाला वाटलं, वातात बोलतायत.

मी सरबत प्यालो.

वर चढून तुकडा तुळईखालून तिरका घातला.
एक बाजू बसली, दुसरी अर्धा दोरा अडली,
जुनं तोंड वाकलं असेल,
नाहीतर तेव्हाचं माझंच माप.
गुडघ्याने रेटलं. स्क्रू. चंदेरी टेपचे तीन वेढे.
खळग्यातले केस उचलून खिशात घातले,
कशाला ते ठाऊक नाही.

यंत्र सुरू केलं. आधी धूळ आली,
मग कोळिष्टकाचा काळा तुकडा,
मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान
हललं.
शेवंतीबाय तळवा जाळीकडे करून उभ्या राहिल्या,
बराच वेळ,
आणि रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाल्या, आलं.

किती झाले?
पत्र्याचे सातशे.
आणि मजुरी?
आकडा जिभेवर होता, आठ वर्षं घोटलेला.
म्हटलं, राहू द्या.

जिन्याच्या पायरीवर मांजर बसलं होतं,
वर बघत.
फळी मी घट्ट लावून घेतली होती.