हातात मावेल असं

डिसेंबरात ग्डिनियाला साडेतीनलाच दिवे लागतात.
त्या उजेडात माझ्या दुकानातले मासे
जरा जास्तच सुखी दिसतात
आणि माणसं जरा जास्त म्हातारी.

बोगुमिऊ लेकीच्या मागून आला,
दोन्ही हात कोटाच्या खिशांत.
खिसे हलत होते.
मला वाटलं, आत काहीतरी जिवंत आहे,
परत करायला आणलंय.
तशीही माणसं येतात.

'बाबांना सोबत हवी,' हाल्श्का म्हणाली,
'हातात मावेल असं काही.
फार घाण न करणारं.'
त्यानं हात काढून काउंटरवर ठेवले,
बिघडलेलं घड्याळ दुरुस्तीला द्यावं तसे.

रुंद हात, एका अंगठ्याचं नख काळं,
आणि थरथर,
इंजिन चालू ठेवून उभ्या केलेल्या बसच्या काचेसारखी.
गोदीत तीस वर्षं क्रेन चालवली त्यांनी, ती सांगत होती,
चाळीस टनांचं पोलाद असं टेकवायचे
की खालच्याच्या चहावर तरंग उठत नसे.
'कॉफी,' तो म्हणाला.
'चहा नव्हे.'

हॅम्स्टर झोपेतून उठवला, तर चावला.
ससा दोन क्षण बसला,
त्याच्या छातीतली धडधड आणि या हातांची थरथर
एकमेकींना घाबरवत राहिल्या,
मग लाथ मारून पिंजऱ्यात पळाला.
कासव आत गेलं ते बाहेर यायचं नाव घेईना.
'हे माझ्यामागं उरेल,' तो म्हणाला,
'मग याला कोण सांगणार?'
कॅनरी हाल्श्काला आवडली होती.
'गाते खरी. धरायची कशी?'

मग तो आपण होऊन खाली वाकला,
गुडघा कडकन वाजला,
फ्रीझरशेजारच्या खालच्या फळीपाशी,
जिथं एक बिननावाचा डबा असतो
आणि किंमत सुट्ट्या नाण्यांत.

'सापासाठी?' सवयीनं माझ्या तोंडून गेलं.
'माझ्याकडे साप नाही.'
'बाबा, उंदीर?' हाल्श्का म्हणाली,
'धान्याच्या कोठारात तुम्हीच ना...'
'फावड्यानं,' तो म्हणाला. 'मोजले नाहीत कधी.'

भुऱ्या रंगाची, कान फाटलेली एक मादी
त्याचं काळं नख हुंगून मनगटावर चढली.
तळहात हलत होता, तीही हलत होती,
चार पाय फाकवून, शेपटी तोलून,
लाटेवरच्या होडीत कोळ्यानं उभं राहावं तशी.
मग बाहीत शिरली. कोपरापर्यंत गेली,
तिथं वळली असावी,
कारण थोड्या वेळानं कफातून नुसतं नाक बाहेर आलं.

हात थांबला नाही.
असलं काही होत नसतं,
मी इथं नऊ वर्षं आहे.
एवढंच, की तिला त्याचं काही वाटलं नाही.

सांगायलाच लागतं म्हणून सांगितलं:
'अडीच वर्षं जगतात. फार तर तीन.'
हाल्श्कानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं काही मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलले.
तो बोटांवर काही मोजत होता,
बोटं हलल्यानं हिशेब चुकला, परत मोजला.
'जमेल,' म्हणाला.

'आणि एकटी ठेवू नये. झुरतात.'
'मग दुसरी तू काढ.'

माझा हात स्थिर आहे.
तो डब्यात उतरला की सगळी पिल्लं
जीव मुठीत धरून कोपऱ्यात दाटतात,
एकमेकांच्या अंगावर, एकमेकांखाली.
दर शुक्रवारी अजगरवाली पोरं येतात,
तेव्हा हाच हात येतो.
डब्याला ओळख पटलेली आहे.

मी थबकले. वरून त्याचा आवाज आला,
बाहीतल्या जिवाला धक्का लागू नये इतका हळू,
आणि तरी उंचावरून बोलायची सवय असलेला:
'सावकाश.
अजून थोडा खाली.
डावीकडे, बोटभर.
थांब.
आता तिला येऊ दे.'