पोटातली वाळू

उद्यमनगरात आमच्या फौंड्रीत
पंपाच्या बॉड्या ओततात, इंजनाची चाकं,
आणि एकदा, शिमगा होऊन गेल्यावर,
ओतली एक बाई.

एस्टी स्टँडसाठी.
कागदावर लिवलं हुतं: प्रवासी, कांस्य,
उंची साडेचार फूट, बैठी, तोंड फलाटाकडं.

कमिटीला आधी पैलवान पाहिजे हुता.
घोटणेबाई, शिल्प करणाऱ्या, म्हणाल्या,
"पैलवान स्टँडवर बसून ऱ्हायला
तर तालमीत वस्ताद काय म्हणंल?"
मग कुणी म्हणालं, चप्पल करा, दहा फुटी, करकर वाजणारी.
कुणी म्हणालं, गुळाची ढेप.
तीन मीटिंगा झाल्या, मिसळीचं बिल झालं,
आणि मातीतनं उठली ही:
ट्रंकेवर बसल्याली, पदर कानामागं,
एक हात गुडघ्यावर, दुसरा अर्धाच उचलल्याला,
गाडीला हात करावा का नको
ह्या इचारात.

साहेबांनी इचारलं, ही कुठल्या गावाला चाललीया?
बाई म्हणाल्या,
"पाटी वाचता येत असती तर तिला कळलं असतं."
साहेब हसलं.
मग हसायचं थांबलं.

मी इलाही मुजावर, मोल्डर.
मेण वितळून गेलं, त्या पोकळीत रस सोडला
तवा पहाटंचं चार वाजलं हुतं.
घोटणेबाई माझं जुनं बूट घालून उभ्या,
दोन नंबर मोठं.
रस वाहताना कुणी बोलत न्हाई.
पंप असला तरी न्हाई.

उचलल्याल्या हातात हवा अडकली.
तळव्याला भोक ऱ्हायलं, हरभऱ्याएवढं.
"भरून घिऊ," मी म्हणालो.
त्या बोटानं चाचपत बसल्या, बराच येळ.
मग त्यांना हुबळीचं काम आलं
आणि भोक तसंच स्टँडवर गेलं.

आता पोरं त्यात तिकिटाची सुरळी खुपसत्यात.
झाडणारी सुगंधा सकाळी हेअरपिन घिऊन तळवा कोरती,
म्हणती, एवढी तिकिटं कंडक्टरनं पण फाडली नसतील.
ट्रंकेचा अर्धा भाग मोकळा ठेवलाय,
तिथं गडहिंग्लजची एक नर्स डबा खाती,
आणि झाकण ठेवती हिच्या मांडीवर.
गुडघा पिवळाधमक झालाय, बाकी अंग काळवंडलंय.

एक गोष्ट बाईंना सांगितली न्हाई.
पोटातली वाळू काढली आम्ही,
तार घालून, हातोडीनं ठोकून ठोकून.
सगळी निघाली न्हाई.
डाव्या कुशीत मूठभर अडकलीया.
बिलात तिचा उल्लेख न्हाई.

रात्री पावणेदहाला मुरगूडची शेवटची.
ड्रायव्हर इंजन चालू ठिवून तंबाकू मळतो,
फरशी हादरायला लागती.
मी ट्रंकेवर टेकतो, कान हिच्या पाठीला.
सरसरतीया.
आत, बारीक,
जसं कुणी सुपात तांदूळ घोळवावं
आणि मधीच थांबावं.

परवा कंडक्टर म्हणाला,
"चाचा, चढताय का हिच्यासंगं ऱ्हाताय?"
चढलो.
सायबर चौकापर्यंत तिकीट काढायचं पण सुचलं न्हाई.

निघताना मागच्या काचंतनं बघितलं हुतं.
हात तसाच, अर्धा.
अजून ठरंना तिचं.