दुसरा खिळा

साखरी नाट्याला, जेटीजवळ,
बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली.
भाड्यात वीज धरलेली, अमोनियाचा वास फुकट.
इथून मी परक्यांची ॲपं दुकानात मांडते:
नाव, किंमत, अकरा भाषांतली वर्णनं,
प्रत्येक भाषेला सहा चित्रं.

गिऱ्हाईक बटण दाबतं. पडदा लगेच म्हणतो, घेतलं.
झालं, असं म्हणत नाही.
मागे एक चिठ्ठी रांगेत जाऊन बसते
आणि गिऱ्हाईक चहाला जातं.

खाली शौकतचाचा गोवळकर
चोवीस वर्षं हेच करतायत.
तांडेल येतो, "चाळीस लाद्या, मरियम" म्हणतो,
बिल्ला घेतो, घरी जाऊन झोपतो.
चिठ्ठी खिळ्याला.
खिळ्यावरची चिठ्ठी खालून ओढायची, वरून नाही,
नाहीतर पहिला आलेला पहाटेपर्यंत ताटकळतो.
भोक फाटतं. फाटू दे.

क्रशर तापला की चाचा विडी काढतात.
माझं दुकानही तापतं: फार झालं, नंतर या.
मग माझा कामगार एक मिनिट थांबतो,
मग दोन, मग चार, मग आठ;
उंबऱ्यावर धडका मारणाऱ्याला
दिवसभर आत घेत नाहीत.

ऑगस्टात, हंगामाच्या पहिल्या आठवड्यात,
मरियमला बर्फ पोचला
आणि "पोचला" म्हणताना फोनची रेंज गेली.
चाचांनी पुन्हा चाळीस लाद्या धाडल्या.
दुपारभर जेटीवरून गोडं पाणी
खाडीत उतरत होतं.
हसले नाहीत कोणी. मीही नाही,
कारण त्याच रात्री माझ्या चिठ्ठीवर होतं
"किंमत दहा टक्के कमी कर".
दुकानानं केली, उत्तर वाटेत हरवलं,
कामगारानं इमानदारीनं पुन्हा केली.
शंभराचे एक्याऐंशी.

"आधी ईचार गो, गेला काय.
मग पाठव," चाचा म्हणाले.
आता मी लिहिते: किंमत नव्वद कर.
दहादा केलं तरी नव्वदच.
आणि प्रत्येक चिठ्ठीला नंबर.

भिंतीवर आणखी एक खिळा आहे, दाराआड.
तिथे एकच चिठ्ठी, पिवळी पडलेली:
वीस लाद्या, सफीना.
मी विचारलं नाही. चाचांनी सांगितलं नाही.
खिळा मात्र गंजू देत नाहीत,
तेलाचं बोट फिरवतात शुक्रवारी.

माझ्याकडेही तशी यादी आहे,
पाच वेळा हरलेल्यांची.
आज त्यात एकच काम: ४४१७.
कुणा बाईनं लिहिलं होतं, ॲप उघडत नाही,
आईचे फोटो आत अडकलेत.
आमचं उत्तर जाईपर्यंत
तिनं तक्रारच पुसून टाकली.
जाणार कुठे उत्तर?

"काढून टाक", पुण्याहून मेसेज.
खाली पहाटेची पहिली लादी
घसरगुंडीवरून धाडकन उतरते.
मी कर्सर त्या ओळीवर ठेवते,
थोडा वेळ.
मग यादी बंद करते,
ओळ तशीच ठेवून.