दोन इंच

बिदियाच्या सनाइयात, दुपारच्या बांगेआधी,
हमूदचा पोरगा मुहन्ना पिकअप सावलीत लावतो
आणि हाताच्या पंजानं हवेत उंची दाखवतो : इतकी.
म्हणजे सहा इंच.

मी परकार. मूळचा मंडणगडचा.
एकोणीस वर्षं गाड्या खालून बघतोय.
रंग विचाराल तर आठवणार नाही,
पण कुणाचा पाटा तडकलाय, कुणाचा शॉकअप पाझरतोय,
कोण मालक उतारावर क्लच दाबून बसतो, ते सांगेन.

फळीवर तीन किट आहेत.
एक स्वस्त : नुसता लोखंडी ठोकळा, लांब यू-बोल्ट,
फोटोसाठी विटेवर उभ्या केलेल्या नवरदेवासारखं.
एक दोन इंचांचं, नवे पाटे, नवे शॉकअप, काळा रंग.
आणि एक सहाचं, लालभडक.
त्याच्या खोक्यावर बर्फाचा डोंगर छापलाय.
मुहन्ना त्या डोंगराकडे बघत राहतो.

मी म्हणतो, सहा इंच उचललीस
तर शाफ्टचा कोन बिघडेल,
जॉइंटचं रबर फाटेल, ब्रेकची नळी ताणून धरावी लागेल.
तो म्हणतो, रमल, रमल. वाळू आहे, चाचा.
वाळू उंची विचारत नाही रे, हवा विचारते.
चाक पंधरावर आण,
घावनासारखं पसरू दे तव्यावर.
(घावन म्हणजे काय, हे अरबीत सांगता येत नाही.
मी तळहात पसरून दाखवतो.)

आणि हे सांगतोय कोण,
तर ज्यानं त्या वाळूत एकदाही गाडी घातली नाही तो.
आमच्याकडे याला उंटावरचा शहाणा म्हणतात.
मी तर उंटावरही नाही.
जॅकखाली, पाठीला पुठ्ठा.

मग हमूद आला. म्हातारा, हातात वेताची काठी.
खोक्यांकडे बघितलंच नाही त्यानं.
मागचं फाळकं उघड, म्हणाला.
काठी जमिनीवर टेकवली, फाळक्याच्या कडेला अंगठा लावला,
आणि तो अंगठा तसाच धरून आमच्याकडे वळला.

त्यांच्या गोठणाजवळ वाळूचा एक बांध आहे.
गाडी रिव्हर्स घेऊन बांधाला लावायची
की उंटीण सपाट पायानं आत येते.
तिचं नाव गरशूब. उजवा गुडघा सुजतो.
ही उंची तिला पाठ आहे, तो म्हणाला, तुला नाही.

मुहन्नानं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

मी काठीवर अंगठ्याच्या वर दोन बोटं ठेवली.
हमूदनं बराच वेळ बघितली ती बोटं.
एवढं मी फावड्यानं भरीन, म्हणाला.
सहा भरायला वारा लागतो.

काळं खोकं खाली काढलं.
पण हिशोब चुकवायला नको म्हणून सांगितलं,
बाबा, ती चढून बसली की गाडी दोन इंच दबेल.
आज पाटे मेलेत म्हणून चार दबते, बुडाला आपटते.
म्हणजे एकशे नव्वद रियाल देऊन
भरलेली गाडी असेल जिथं रिकामी आज आहे, तिथंच.
तो हसला. त्याचे पुढचे दोन दात नाहीत.
तेवढ्यासाठीच तर, म्हणाला.

असरपर्यंत गुलरेजनं बोल्ट आवळले.
वजन बघायला उंटीण कुठून आणायची?
गुलरेज चढला, कुन्हम्मद शेठ चढला,
चहावाला चढला, किटलीसकट,
तरी गाडी हलेना, म्हणून मलाही हाक आली.

सनाइयाच्या पत्र्यांमागे वाळू सुरू होते
हे मला ठाऊक होतं.
एवढी जवळ असेल, आणि एवढी लाल,
असं कुणी बोललं नव्हतं.

खाली मुहन्ना टेप धरून बसला होता,
चाक ते मडगार्ड.
हलू नका, ओरडला,
आकडा बदलतोय.